उकंडा ऊर्फ उत्कर्ष

६ जानेवारी २०२५

टेंडर भरलं! वसतिगृहांसाठी दोनशे लोखंडी पलंग. जाहिरातीत साफ लिहिलंय, अपंगत्व आलेल्या माजी सैनिकाचा लघुउद्योग असेल तर प्राधान्य. प्रेरणानं सगळं कॉम्प्युटरवर भरलं. पोरगी नसती तर मी अजून पहिल्याच पानावर अडकलो असतो.

सुरुंगात पाय गेला त्याला सोळा वर्षं होतील. हे काम मिळालं तर दुसरबीडचं वेल्डिंगचं दुकान चालू राहील, चारही कारागीर इथंच राहतील. नाही तर मार्चमध्ये कुलूप.

१० जानेवारी

ऑफिसातून फोन. "डिस्चार्ज बुकात उकंडा, गॅझेटात उकंडराव, फर्म उत्कर्षच्या नावानं. माणूस एक की तीन?"

चूक माझीच! फौजेतून आल्यावर नाव बदललं, उत्कर्ष केलं. उकंडा म्हणजे उकिरडा — आयुष्यभर कोण ऐकून घेणार? पण गॅझेटच्या अर्जात जुनं नाव लिहितानाही शान मारली. मागं 'राव' लावलं. लाव अजून!

पुढच्या शुक्रवारपर्यंत प्रतिज्ञापत्र पाहिजे. साक्षीदार जन्मापासून ओळखणारा, आणि नात्याबाहेरचा.

११ जानेवारी

आई भाकरी थापता थापता म्हणाली, "केसरबाईले ने. तिनंच तर उचललं तुले."

माझ्याआधीची तिघं भावंडं पाळण्यातच गेली. म्हणून मी झालो तेव्हा आईनं मला उकंड्यावर ठेवलं. शेजारच्या केसरबाईनं उचलून घरी नेलं. मग आईनं सूपभर जवारी देऊन मला तिच्याकडून विकत घेतलं. म्हणजे पोर हिचं नाही, विकतचं आहे, असं देवाला वाटावं! शाळेत पोरं चिडवायची. माझ्या डोक्यात एवढंच राहिलं की मला टाकलं होतं.

केसरबाई आता एकटीच असते. मूलबाळ नाही. महिनाअखेर भाचा तिला कायमचं जालन्याला नेणार आहे. तिला जायचं नाही, पण विचारतंय कोण?

१३ जानेवारी

केसरबाईकडे गेलो. येते म्हणाली लगेच. मग आपणहून सांगत बसली —

"थंडी होती बापा. तुही माय भिंतीआड उभी. तू रडला की थे बी रडे. मले म्हने, बिगीबिगी उचल वं, पोरगं गारठून राह्यलं!"

भिंतीआड आई उभी होती! शेहेचाळीस वर्षांनी कळतंय मला. घरी आलो तर आई तांदूळ निवडत होती. शेजारी बसून निवडू लागलो. "काऊन रे, पाय दुखते का?" म्हणाली.

१६ जानेवारी

सिंदखेड राजा, तहसील. दोघी म्हाताऱ्यांना एसटीनं नेलं. जिना चढताना केसरबाई मलाच धरत होती, आणि मी कठड्याला!

कारकून नारायणराव. मला विचारलं, "साक्षीदाराचं नातं?"

मी तोंड उघडायच्या आत केसरबाई — "माय!"

नारायणरावांनी पेन खाली ठेवलं. "मग चालत नाही. नात्याबाहेरचं माणूस लागते."

झालं! दोनशे पलंग डोळ्यांसमोरून गेले. तेवढ्यात आई उठली. "साहेब, माय मीच. तिच्याजोळून मी हा इकत घेतला. सूपभर जवारीले. रक्ताचं काहीच नाही आमचं. पन पोरगं पह्यले तिचंच."

सगळं ऑफिस ऐकत होतं. नारायणरावांनी पेन परत उचललं. मग म्हणाले, "माझ्या आजोबाचं नाव कचरू." आणि स्वतःच्या हातानं लिहिलं — नातं नाही, शेजारीण. केसरबाईला ते वाचून दाखवलं नाही. देव भलं करो त्या माणसाचं.

१७ जानेवारी

कागद पोचला. पोच मिळाली.

२८ जानेवारी

काम मिळालं!! प्रेरणा नाचली. कारागिरांना पेढे. वर्क ऑर्डरवर ठळक छापलंय — 'उकंडा ऊर्फ उत्कर्ष'. पूर्वी लाज वाटली असती. आज दहा वेळा वाचलं.

आई म्हणाली, "केसरबाईले पेढा दिला का?" तिलाच पहिला दिला होता. तिचं गाठोडं बांधून झालेलं. पेढा हातातच धरून बसली.

३१ जानेवारी

सकाळी भाचा गाडी घेऊन आला. केसरबाई निरोप घ्यायला आली ती हातात भरलेलं सूप घेऊन. जवारी! आईपुढं ठेवलं. "रुखमे, घे तुही जवारी वापस. माहं पोरगं मले दे."

आम्ही सगळे हसलो. आई हसली नाही. तिनं सूप उचललं, जवारी पदरात ओतून घेतली, शेवटचा दाणासुद्धा.

"झाला सौदा. पोरगं तुहं. मंग लेकाचं घर सोडून कुठी चालली तू?"

भाचा एकटाच जालन्याला गेला.