पांढऱ्या वॅगनचा गिअरबॉक्स आधी कोणी उघडला होता

मी, व्हर्ना ट्रेगेन्झा, कै. क्लेम ट्रेगेन्झा यांची पत्नी, वय एकाहत्तर, राहणार पोर्ट लिंकन, दक्षिण ऑस्ट्रेलिया, हे मृत्युपत्र माझ्याच स्वयंपाकघरात बसून, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. मंगळवारी ॲडलेडला माझ्या हृदयाचं ऑपरेशन आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे की नाही अशी ज्यांना शंका असेल, त्यांनी आधी एक ऑटोमॅटिक गिअरबॉक्स सुटा करून परत जोडून दाखवावा, मग तोंड उघडावं. माझं पूर्वीचं मृत्युपत्र रद्द समजावं. ते क्लेम सांगेल तसं लिहिलं होतं.

कलम १. राहतं घर आणि बँकेत जे काही असेल ते माझा एकुलता एक मुलगा डॅरिल याला. घर विकायचं तर खुशाल विकावं. गॅरेजच्या फरशीवरचा लाल तेलाचा डाग मात्र घासत बसू नये, माझं घासून झालं आहे.

कलम २. क्लचच्या स्प्रिंगा दाबून धरायचा शिकंजा शेजारच्या स्टिपे मरुशिचला. दाराच्या जुन्या बिजागरीपासून मी तो स्वतः बनवला. स्टिपेला साक्षीदार म्हणून सही मागितली तर म्हणाला, "छे! साक्षीदाराला काही मिळत नाही म्हणतात. मला शिकंजा हवाय, सही दुसऱ्या कोणाची तरी घे." गिअरबॉक्स खाली उतरवताना आणि परत वर चढवताना जॅकजवळ तोच पालथा पडला होता, तेव्हा शिकंजा त्याचाच.

कलम ३. नणंद बेरिल हिने लग्नात दिलेला ओव्हनमध्ये भाजायचा मोठा ट्रे फेकून द्यावा. गिअरबॉक्सचं तेल त्यातच गाळलं आहे. "बाईच्या जातीने कपडे धुवायच्या खोलीत गिअरबॉक्स मांडलाय" असं बेरिल गावभर सांगत फिरते. खरंच आहे. उजेड तिथेच चांगला येतो. बेरिलला मी काहीच ठेवत नाही, त्यामुळे साक्षीला ती चालेल, आणि सही करण्याआधी वाचल्याशिवाय तिला राहवणार नाही. वाच, बेरिल. पुढचं कलम तुझ्या भावाबद्दल आहे.

कलम ४. पांढरी स्टेशन वॅगन. हिच्याबद्दल सविस्तर लिहिणं भाग आहे.

डॅरिल सतरा वर्षांचा असताना बापाला न विचारता या गाडीने बोट ओढत धक्क्यावर घेऊन गेला. चढावर गाडीने तिसरा गिअर सोडला, तो कायमचा. क्लेम म्हणाला, "पोराने गिअरबॉक्स जाळला." रागाच्या भरात आणखीही बरंच बोलला, आणि डॅरिल महिन्याभरात उत्तरेला खाणीवर स्वयंपाकी म्हणून निघून गेला. बापाच्या अंत्यविधीला आला तेव्हासुद्धा विमानतळावरून टॅक्सीने आला. मी उरलेल्या दोन गिअरांवर वॅगन घेऊन बाहेर उभी होते, तर म्हणाला, "आई, राहू दे. मी या गाडीत बसत नाही."

मला तेव्हापासून एकच प्रश्न छळायचा. एका बोटीने, एका चढावर, एवढा गिअरबॉक्स कसा जळेल? क्लेमला विचारलं की तो म्हणायचा, "तुला त्यातलं काय कळतंय?" नव्हतंच कळत. म्हणून तो गेल्यावर मी उघडून बघितला.

ओझ्याने तापून जळला असता तर क्लचच्या सगळ्याच चकत्या करपल्या असत्या. पण बाकीच्या बऱ्या होत्या, फक्त तिसऱ्या गिअरच्या चकत्यांचा कोळसा झाला होता. म्हणजे तिथे तेलच पोचत नव्हतं. का पोचत नव्हतं? मी तेलाच्या वाटा एकेक करून फुंकून पाहिल्या. गिअरांना तेल वाटून देणाऱ्या व्हॉल्व्हच्या पेटीतली एक वाट बंद. दाभणाने कोरलं तर आतून निळं ग्रीस निघालं.

आता, ही पेटी गाडीखालून वर बसवतात, आणि तिच्यातले बारीक पोलादी छर्रे वर नेताना टपाटप खाली पडतात. ते पडू नयेत म्हणून चिकट काहीतरी लावतात. लावायचं व्हॅसलीन, कारण ते गरम तेलात विरघळून जातं. इथे कोणीतरी निळं ग्रीस लावलं होतं, बोटीच्या ट्रेलरच्या चाकांना लावतात ते. समुद्राच्या पाण्यात वर्षभर राहिलं तरी हलत नाही, असं क्लेम त्याचं कौतुक करायचा. डबा अजून त्याच्या फळीवर आहे.

त्या उन्हाळ्यात, बोटीच्या प्रकरणाच्या थोडं आधी, मी बहिणीकडे गेले होते. परत आले तर क्लेम म्हणाला, "गाडीचं तेल बदललंय." मी म्हटलं, बरं झालं.

मी डॅरिलला फोन केला.

"आई, कशाला जुनं उकरून काढतेस?"

"उकरलंच आहे, दाभणाने. तुझी चूक नव्हती रे. तू बोट नेली नसतीस तरी ती गाडी कुठेतरी बसलीच असती."

तो म्हणाला, "बाबांना माहीत होतं?"

"पेटी त्याने स्वतः उघडली होती, तेवढं त्याला माहीत होतं. ती आपल्याच हातून बिघडली हे त्याला माहीत होतं का, ते मला ठाऊक नाही. पुष्कळ विचार केला. गिअरबॉक्समध्ये ते सापडत नाही, बाळा."

"पेटी परत बसवलीस?"

"नाही. नव्या चकत्या घालून गिअरबॉक्स वर चढवलाय. पेटी तेवढी राहिली आहे."

"मग बसवू नकोस. मला बघायचंय."

म्हणून वॅगन डॅरिलला, पेटी न बसवलेल्या स्थितीत. तो येईपर्यंत मी असेन किंवा नसेन, पेटीला कोणी हात लावू नये. स्टिपे, तूसुद्धा नाही.

कलम ५. रविवारी सकाळी लिहिलं. डॅरिल काल बसने आला. मी जॅमच्या बाटलीत ठेवलेला ग्रीसचा गोळा त्याने उघडून हुंगला. "बोटीचंच आहे," म्हणाला, आणि धुण्याच्या खोलीत जमिनीवर बसून लहानपणी रडायचा तसा रडला. मी पण रडले. क्लेमचा राग आला आणि त्याची आठवणही आली, दोन्ही एकदमच. मग डॅरिलने नाक पुसलं, बाह्या वर केल्या आणि विचारलं, "व्हॅसलीन कुठे आहे?"

त्यामुळे कलम ४ मधली वॅगन मृत्युपत्रातून वगळण्यात येत आहे. ती मी त्याला हयातीतच दिली. उद्या विमानतळावर तोच मला तिच्यातून सोडणार आहे, आणि मुद्दाम धक्क्यावरच्या चढावरून नेणार आहे. चढावर गाडीने तिसरा गिअर धरला की ऑपरेशनचं काय व्हायचं ते होवो.

सही: व्हर्ना ट्रेगेन्झा
स्थळ: पोर्ट लिंकन, दिनांक १७ मार्च २०१९

आम्हा दोघींसमक्ष सही झाली:
१. बेरिल फॉगार्टी, नणंद. (वाचलं. क्लेम लहानपणी माझी सायकलही अशीच न सांगता उघडायचा.)
२. नोएलीन डॅश्वुड, औषधांचे दुकान. व्हॅसलीन माझ्याकडून नेले.