इलार्योचं कोपर

रविवार, १२ मे

वाचलो! पाचव्याच दर्जाची लीग, पण टिकलो. ८७वं मिनिट, पेनल्टी, मी मारली — आत! समोरची फुएन्तेरुबियाची टीम एक दर्जा खाली गेली, आमचं पेन्यासेका राहिलं. मला खांद्यावर घेऊन गावभर नाचले, मग चौकातल्या कारंज्यात ढकललं. कपडे अजून ओले आहेत.

इलार्योचं कोपर मला लागलं नव्हतं.

लिहून टाकलं. बरं वाटेल असं वाटलं होतं.

सोमवार, १३ मे

सुकवणीच्या शेडमध्ये दिवसभर डुकराच्या मांड्यांना मीठ चोळलं. येणारा-जाणारा पाठ थोपटतोय. मुकादम म्हणाला, "फेर्मिन, आज तू नुसता बस रे!" बसवेना.

काय झालं ते नीट लिहितो. कॉर्नर होता. माझ्या मागे इलार्यो. सदतिशीचा माणूस, सतरा वर्षं फुएन्तेरुबियाच्या बचावात, आणि लाल कार्ड एकही नाही. उडी घेताना त्याचा हात वर आला. मला वारा लागला — नुसता वारा! मी तोंड धरून कोसळलो. आणि खाली पडल्या पडल्या ओठ आतून चावला. रेफरीनं रक्त पाहिलं. झालं, आम्हाला पेनल्टी, त्याला लाल कार्ड.

चौदा वर्षांत अकरा क्लब. विसाव्या वर्षी दुसऱ्या दर्जात अठरा मिनिटं खेळलो, त्याच्या वर कधी गेलो नाही. पुढे पाय मंदावत गेले तसा पडण्यात तरबेज झालो. सगळेच फॉरवर्ड पडतात, म्हणायचो. पण स्वतःचं रक्त काढलं ते पहिल्यांदाच.

मंगळवार, १४ मे

चारो म्हणाली, "ओठ दाखव बघू." ती दातांच्या डॉक्टरकडे कामाला. उजेडाकडे वळवून पाहिला. काही बोलली नाही. बायको काही बोलली नाही की मला जेवण जात नाही.

गुरुवार, १६ मे

शिस्त समितीचा निकाल. इलार्योला आठ सामने बंदी. कागदावर शब्द आहे — मारहाण.

आमचा गोलकीपर ओरडला, "म्हाताऱ्याला घरीच बसवलंस की!" सगळे हसले. मीही.

मंगळवार, २१ मे

हे मला माहीत नव्हतं. खरंच नव्हतं! इलार्यो शाळेची बस चालवतो. काही पालकांनी तक्रार केली, आणि ठेकेदारानं त्याला बसवरून उतरवलं. चारोनं बाजारात ऐकलं.

"मारकुटा माणूस मुलांत नको म्हणे."

"मग मी काय करू?"

"मी कुठं काय म्हटलं?"

शुक्रवार, २४ मे

आज इलार्यो शेडवर आला. जेवणाच्या सुट्टीत. मला वाटलं, आला भांडायला. बरं वाटलं, देवाशपथ! पण त्याच्या हातात बकरीच्या दुधाचं चीज. बायकोनं केलेलं.

म्हणाला, "लागल्याचं मला कळलंच नाही बघ. पण तुझं रक्त मी डोळ्यांनी पाहिलं. म्हणजे माझ्याच हातून झालं असणार. सतरा वर्षांत कुणाला लावलं नव्हतं... माफ कर."

बोलायचं तेव्हाच होतं. तोंड उघडलं, आणि काय म्हणालो?

"चालायचंच. खेळ आहे."

मी! मी त्याला माफ केलं! वर हात मिळवला. माझ्या हाताला मीठ होतं, त्यानं ते पँटला पुसलं आणि पुन्हा एकदा 'माफ कर' म्हणून गेला.

रविवार, २६ मे

अध्यक्ष एवेलिओंनी बारमध्ये बोलावलं. अजून दोन वर्षं खेळ म्हणाले, आणि त्यानंतर क्लबच्या लहान मुलांना तूच शिकव. एवढं मला कुणी कधी देऊ केलं नव्हतं. तेहेतिशीत तर नाहीच.

"काय शिकवू?" विचारलं.

"पडायला नको शिकवूस म्हणजे मिळवली!"

टेबलाभोवतीचे सगळे खो-खो हसले. म्हणजे यांना ठाऊक आहे! सगळ्यांना! पहिल्या दिवसापासून! एकाचाही घास अडला नाही.

सोमवार, २७ मे

चीज तसंच पडून आहे. चारो त्याला सुरी लावत नाही.

गुरुवार, ३० मे

चारोला सांगितलं. ती कांदा चिरत होती, थांबली नाही.

"ओठावर तुझ्याच दातांचे ठसे होते, फेर्मिन. रोज तोंडंच बघते मी."

"मग बोलली का नाहीस?"

"तू बोलतोस का ते बघत होते. सोळा दिवस."

तिच्यासमोर बसून फेडरेशनला पत्र लिहिलं. सही केली. टपालात टाकून मग अध्यक्षांना फोन केला.

"डोकं फिरलं का तुझं? निकाल बदलणार नाही, तुझंच तोंड काळं होईल!"

"झालेलंच आहे."

"मग आमच्या क्लबात ते दाखवू नकोस."

संपलं खेळणं. अकरावा क्लब, तोच शेवटचा. पण इलार्योला अजून सांगितलेलं नाही. पत्र लिहिणं सोपं होतं.

रविवार, २ जून

फुएन्तेरुबियाला गेलो. इलार्यो दारात बसला होता. उभ्यानंच सांगितलं — कोपर लागलं नव्हतं, ओठ मी चावला. मारेल असं वाटलं. मारायला हवं होतं.

म्हणाला, "परत सांग."

परत सांगितलं.

"थांब." आत गेला. बायकोला घेऊन आला, म्हाताऱ्या आईला आणलं, शेवटी दहा-अकरा वर्षांच्या मुलीला हाताला धरून आणलं. "आता हिच्यासमोर सांग. मोठ्यानं."

सांगितलं. पोरीनं माझ्याकडे बघितलंच नाही. बापाच्या अंगाला चिकटून बसली.

मला कुणी बस म्हटलं नाही.