जिन्यातली केबल कार

९ नोव्हेंबर, रविवार

खोका उघडला. आत सगळं लाकूडच! पातळ फळ्या, त्यांत कापून ठेवलेले बारके तुकडे — बोटाने दाबले की सुटतात. एक चिमुकली मोटर, सेलची डबी, दोऱ्याचं रीळ. झाकणावर चित्र: दोन मनोरे आणि मध्ये दोरीला लोंबकळणारी केबल कार. पुतणीने, चिन्मयीने पुण्याहून पाठवलंय. "काका, तुम्ही आणि आई मिळून करा. वेळ जाईल."

मिळून कसलं! थोरल्या भावाच्या, अण्णांच्या तेराव्यानंतर वहिनी वरच्या खोलीतून खाली उतरलेलीच नाही. मी ताट वर नेतो, ती "ठेवा भावजी" म्हणते, की झालं. मलाही पुढे काही सुचत नाही. या घरात बोलायचं खातं अण्णांकडे होतं. तिघांच्या वाटचं तेच बोलायचे.

११ नोव्हेंबर, मंगळवार

सूचनांच्या पुस्तकात नुसती चित्रं. मला बरं पडतं — उद्यमबागेतल्या कारखान्यात ड्रॉइंगं वाचण्यातच सगळी नोकरी सरली. तरी एक चाक उलटं बसवलं आणि काढताना मोडलं. जादा तुकडे दिलेत म्हणून निभावलं. बनवणाऱ्याला माझ्यासारखी माणसं ठाऊक असणार.

दुपारी ताट घेऊन वर गेलो तेव्हा अण्णांचा मोबाइल वाजला. तो वहिनीच्या उशाशी असतो. गोव्याहून परशराम — लोंढ्याला रेल्वेत अण्णांबरोबर होता, सध्या लेकाकडे राहतो. वहिनी म्हणाली, "बाहेर गेलेत. आले की सांगते."

सगळ्यांना हेच सांगते. मी ताट ठेवलं आणि खाली आलो.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

भरमू आला. कारखान्यातला माझा जोडीदार. मोटर लावून पाहिली, पण गिअर अडखळत होते. भरमू म्हणाला, "गिअरला त्याल न्हाय व्हय घातलासा? इतकी वर्सं काय केलंसा मग कारखान्यात?" मला पटलं. शिवणयंत्राचं तेल होतं, भरपूर सोडलं. पुस्तकात गिअरशेजारी मेणबत्ती काढलीय. आम्हाला वाटलं, लाईट गेली तर.

१५ नोव्हेंबर, शनिवार

गिअरचे दात फुगले! सगळं गच्च. भरमूला फोन केला, तर म्हणतो, "लाकडाचं हाय न्हवं त्ये? मग त्याल कशाला घातलासा?"

सगळे गिअर सोडवून ताटलीत घेतले आणि जिन्याच्या खालच्या पायरीवर बसलो. वरून आवाज आला — "कसला वास येतोय?"

वहिनी! वरच्या कठड्याशी उभी. मी ताटली दाखवली.

"लाकडाला तेल? भावजी, मेण लावायचं. आमच्या आईच्या कपाटाचे ड्रॉवर अडले की मेणबत्ती घासायची ती. आणा इकडे."

वर नेले. तिने तांदळाच्या पिठात गिअर दाबून ठेवले, अनारसे खसखशीत दाबावेत तसे. तेल ओढून घेईल म्हणाली. मग चिन्मयी जेवते का वेळेवर, असंही विचारलं. मी हो म्हटलं. मला काय माहीत!

१८ नोव्हेंबर, मंगळवार

पिठाने खरंच तेल ओढलं. मी पॉलिश पेपरने दात घासले, वहिनीने मेण लावलं. ती वर, मी खाली, ताटली जिन्यावरून ये-जा करतेय. माझे गुडघे बोलायला लागले, पण मी तक्रार केली नाही.

संध्याकाळी चिन्मयीचा फोन. पुढच्या आठवड्यात येतेय. "आई अशीच खोलीत बसून राहणार असेल तर मी तिला घेऊन येते पुण्याला." बरोबरच आहे तिचं. मग वरच्या मजल्याला मी कुलूप लावायचं आणि खाली एकट्याने भात शिजवायचा.

नको.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

टेबलावर गाडी धावली! पण या टोकाकडून त्या टोकाकडे जायला टेबल किती असतं? डोक्यात आलं — जिना! एक मनोरा खालच्या पायरीशी, दुसरा वर वहिनीच्या दारापाशी. खोक्यातला दोरा पुरेना. भरमूने गळाला लावतात तो दोरा आणून दिला. "जत्रंतला पाळणा झाला की ह्यो," म्हणाला आणि वरून मनोरा धरायला वहिनीलाच सांगितलं. तिने धरला.

अर्ध्यात गाडी घसरायला लागली. सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून चाकावर चढवली. मग खव्याच्या कुंद्याचा तुकडा कागदात बांधून आत ठेवला आणि बटण दाबलं. गेली! करकर करत, डुलत, पायरी पायरी वर.

मी ओरडलो, "वहिनी, वर येतेय!"

आणि माझं मलाच कसंसं वाटलं. या घरात कुणी 'वर' म्हणत नाही. म्हणजे म्हणत नसे.

वहिनी बैलहोंगलची, माहेर कन्नड. लग्न होऊन आली तेव्हा तिला मराठी जेमतेम. एकदा दुपारी निपाणीची आत्या आली आणि तिने विचारलं, "आमचा अण्णा कुठाय गं?" वहिनीने हळूच सांगितलं, "मेले." कन्नडमध्ये मेले म्हणजे वर. अण्णा वर झोपले होते! आत्याने असा हंबरडा फोडला की शेजारपाजार गोळा झाला. आई तर मटकन खालीच बसली. तेवढ्यात अण्णा डोकं खाजवत जिना उतरून आले. "कोण मेलं?"

तेव्हापासून घरात 'वर'ला सगळे 'मेले'च म्हणायला लागलो आणि एक रिवाजच पडला. कुणी येऊन अण्णा कुठायत विचारलं की वहिनी गंभीर तोंड करून म्हणायची, "मेले." आणि वरून अण्णांची आरोळी — "अजून न्हाय!" आमच्या टिळकवाडीतल्या दूधवाल्यापासून लोंढ्याच्या स्टेशनापर्यंत सगळ्यांना हे पाठ होतं.

आता तो शब्द कुणी काढत नाही. मीही 'गेले' म्हणतो.

२२ नोव्हेंबर, शनिवार

कुंद्याचा कागद गाडीतून परत आला. पुसून काढल्यासारखा स्वच्छ!

२५ नोव्हेंबर, मंगळवार

जेवण माझ्याच पायांनी वर जातं, पण तक्रारी आता गाडीने खाली येतात. काल आमटीनंतर कागदाच्या पुडीत चिमूटभर मीठ आलं. आज भातानंतर एक खडा! वरून हसू ऐकू आलं. बारीक होतं, पण होतं.

तिसऱ्या प्रहरी मी गाडीत तिचा चष्मा ठेवला. काडीचा स्क्रू बसवून आणला होता. गाडी वरच्या मनोऱ्याच्या अलीकडे अडकली. मी खालून काही बघू शकत नव्हतो. वहिनी म्हणाली, "अजून जरा मे—"

थांबली.

"जरा वर घ्या," म्हणाली. मी घेतली. मग दार लागल्याचा आवाज आला. संध्याकाळी चहा नको म्हणाली.

२६ नोव्हेंबर, बुधवार

गाडी दिवसभर खालीच.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी वरून टाळी वाजली. गाडी पाठवा, अशी खूण! मी दोन पारले बिस्किटं चढवली. एक परत आलं. माझ्या वाटचं.

ताट न्यायला गेलो तेव्हा स्वतःहून म्हणाली, "परशरामचा फोन होता. रविवारी लोंढ्याला घरी येतोय, तिथून पुढे येऊन अण्णांना भेटून जातो म्हणाला." मी विचारलं, मग काय सांगितलंस? म्हणाली, "या म्हटलं." एवढंच.

चिन्मयीही रविवारीच येतेय, रात्रीच्या बसने. मी घर झाडून घेतलं. परशरामला दारातच गाठून सांगावं का? पण वहिनीने त्याला बोलावलंय. मी मध्ये पडू का? भरमूला विचारलं. तो म्हणाला, "तुमी गाडीचं बघा. मानसाचं वैनी बघत्यात."

३० नोव्हेंबर, रविवार

परशराम आला. जिन्यातली गाडी बघून खूश. मी तोंड उघडायच्या आतच वर मान करून ओरडला, "वैनी, अण्णा कुठायत?"

वहिनी कठड्याशी आली. "मेले."

परशराम खो खो हसला. चप्पल काढली, पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि वरच्या आरोळीची वाट बघत थांबला.

"कन्नडमध्ये नव्हे, परशराम," वहिनी म्हणाली. "मराठीत."

मग ती जिना उतरून खाली आली — गाडीच्या दोऱ्याला धक्का न लावता, कठडा धरून, हळूहळू.