एकेचाळिसाव्या पानापासून पुढे

त्या सकाळी मी विहिरीचे पाणी दुहेरी फडक्यातून गाळले, फडक्यात राहिलेले जीव परत विहिरीत सोडले, मूगवड्या उन्हात टाकल्या आणि पुड्यांसाठी रद्दी फाडायला बसले. एक जाड पुस्तक होते, अक्षरे इंग्रजीसारखी. चाळीस पाने फाडून हळद आणि जिरे बांधून झाले, तेव्हा एक चित्र निघाले: तडकलेली जमीन, एक बाई, हातात चाळणी. माझा हात थांबला. हे १९६२ साल.

मी चंदनबाई, मिश्रीलाल कांकरिया यांची विधवा, वय एक्कावन्न, धंदा किराणा, राहणार पारोळा, जिल्हा जळगाव. माझे डोके ठिकाणावर आहे, दुखते ते पोट. धुळ्याच्या डॉक्टरांनी पोटात गाठ सांगितली आहे. म्हणून माझ्यामागे काय व्हावे ते कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, माझ्या मनाने लिहिते.

एक. बाजारपेठेतले घर मी माहेरच्या दागिन्यांतून घेतले. ते माझी एकुलती एक मुलगी राजकुंवर हिचे. ठेवावे, विकावे, भाड्याने द्यावे, तिची मर्जी. पोस्टातली शिल्लकही तिचीच, दिल्लीच्या शिक्षणासाठी.

हे शिक्षण कसले, ते लिहिणे भाग आहे, कारण पेठेत वाटेल ते बोलले जाते. ते पुस्तक मी मिशन दवाखान्यातल्या गोव्याच्या नर्स फिलोमेनाबाईंना दाखवले. त्या म्हणाल्या, भाषा पोर्तुगीज, गोष्ट ब्राझीलची. मग दर रविवारी त्या वाचत आणि मोडक्या मराठीत सांगत. राजकुंवर दहा वर्षांची होती, मांडीला मांडी लावून ऐकायची. शेजारच्या मंजुळाबाईही येत. त्यांनी विचारले, "कोठे शे हाई ब्राझील? तठे बाया भाकरी खातस का?" नर्सबाई म्हणाल्या, कंद किसून, पिळून, चाळून त्याचे पीठ करतात. मंजुळाबाईंना ते पटले. चाळणी आहे म्हणजे माणसे आपल्यासारखीच, असे त्यांचे मत पडले.

ती चाळणीवाली बाई विधवा होती. नवरा कसा गेला, ते पहिल्या चाळीस पानांत असणार. ती पाने मीच गावभर वाटली. राजकुंवरने नर्सबाईंकडून ती भाषा शिकून घेतली, बी. ए. झाली, आणि गेल्या आठवड्यात दिल्लीच्या विद्यापीठाचे पत्र आले. दोन वर्षे ब्राझीलचे साहित्य, सिनेमा आणि संस्कृती. वर्गात सिनेमा दाखवतात आणि त्यावर प्रश्न विचारतात, असे पत्रात आहे. मी आजवर एकही सिनेमा पाहिला नाही. कोणते प्रश्न विचारत असतील?

दोन. राजकुंवरचा शाळेचा जुना नकाशासंग्रह माझे दीर लखीचंदजी यांना द्यावा. पत्र पाहून ते म्हणाले, "भाभी, ब्राझीलमध्ये कापूस पिकतो, व्यापाऱ्याला एवढं पुरे. गोष्टी शिकून पोरगी काय तिकडच्या सरपंचाची सून होणार आहे? तुम्ही आहात तोवर चालू द्या. तुमच्यामागे मी तिला घेऊन येईन. मालेगावचं स्थळ थांबलंय." ब्राझील ज्या पानावर आहे तिथे मी दोरा घातला आहे. राजकुंवरला परत आणण्याचा हक्क मी त्यांना देत नाही, कोणालाच देत नाही. तिचे वडील गेले तेव्हा आमच्या रीतीप्रमाणे मी वर्षभर घराच्या कोपऱ्यात बसले. मुळाक्षरे येत होती, वाक्य वाचता येत नव्हते. दुकानातल्या रद्दीवरून ते जमवले. लखीचंदजींनी रद्दी बंद करायला लावली, म्हणाले की कोपऱ्यात बसलेल्या बाईने दुःख करावे, वाचू नये. मी दोन्ही करत होते. आजही करते.

तीन. तराजू आणि पितळी मापे मंजुळाबाईंना.

चार. राजकुंवरने एवढे शोधावे: तिकडच्या विधवा किती दिवस बसतात? कोपऱ्यातच की खिडकीशी? त्यांना कोणी वाचून दाखवते का? उत्तर मिळेल तेव्हा मी नसले तर फिलोमेनाबाईंना कळवावे.

पाच. माझा आजार राजकुंवरला सांगू नये. मी गेले तरी परीक्षा होईपर्यंत तार करू नये.

हे कलम मी खोडले आहे. साक्षीला बोलावलेल्या हिलाल मास्तरांनी ते मोठ्याने वाचले तेव्हा दुसऱ्या साक्षीदार मंजुळाबाई अंगठा लावायला तयार होईनात. म्हणाल्या, "पोरले नही सांगशी ते कोणले सांगशी?" मी म्हटले, कळले तर ती जाणार नाही. त्या म्हणाल्या, "तुले काय माहीत? तू तिले इचारं का?" मी विचारले नव्हते. खोडल्याजागी माझी सही आहे.

सहा. या लेखाप्रमाणे सर्व करून देण्याचे काम हिलाल मास्तरांचे.

लिहून देणार: चंदनबाई मिश्रीलाल कांकरिया, सही.
आमच्यादेखत सही झाली:
हिलाल तोताराम वाणी, शिक्षक, सही.
मंजुळाबाई पुना पाटील, शेजारीण, अंगठा.
पारोळा, ता. ३ जुलै १९७३.

खाली माझ्याच हाताने, ता. ४ जुलै:
आज सकाळी मी राजकुंवरला समोर बसवून गाठीचे सांगितले. दुपारी आम्ही दोघी एस. टी. ने जळगावला गेलो आणि तिचे दिल्लीचे तिकीट काढले.