लांब लेन्सचा कॅमेरा आणि काळी घोंगडी

४ सप्टेंबर
शिरूर कासार तालुक्यातल्या घोंगडी विणणाऱ्या माझ्या मायबापांनो, (सभा नाही, रोजनिशी आहे. सवय.) आपली घोंगडी बापाकडून लेकाकडं जाते तरी विरत नाही, आणि जगाला मात्र ती दिसत नाही. का? तिचा कुणी धड फोटोच काढला नाही म्हणून. हा अन्याय मी संपवणार.

पुण्याची एक कंपनी आमची घोंगडी ऑनलाइन विकायला घेणार आहे. फोटो दसऱ्याच्या संध्याकाळपर्यंत हवेत. साखरावहिनी लोकरीचं सूत कातते, माझा थोरला भाऊ बंकटदादा मागावर विणतो. माल पसंत पडला तर यंदा दोघं ऊसतोडीला जाणार नाहीत. दादानं टोळी नेणाऱ्या मुकादमाला थांबवून ठेवलंय. फोटोची जबाबदारी मी मागून घेतली. घरात एवढं वाचलेला मीच.

७ सप्टेंबर
मोहिनी म्हणाली, मोबाईलवर काढा आणि आजच पाठवा. हत्यार निवडल्याशिवाय लढाईत उतरणारे कसे संपले, हे मी तिला इतिहासातून समजावलं. तिसऱ्या उदाहरणाला तिला झोप लागली. बायको म्हणून ती चांगली आहे. श्रोता म्हणून नाही.

१२ सप्टेंबर
सेन्सर, अ‍ॅपर्चर, मेगापिक्सल. यूट्यूबवर दोन जाणकार एकमेकांना खोटं पाडतात. दोघांचंही पटतं. वहिनी रोज संध्याकाळी विचारते, फोटो झाला का. आज तिच्या येण्याच्या वेळी मी मागच्या दारानं बाहेर पडलो. चिंतनाला एकांत लागतो.

१८ सप्टेंबर
बसस्टँडसमोर हरिओमचा फोटो स्टुडिओ. त्यानं जुन्यातला एक कॅमेरा काढला आणि म्हणाला, घोंगडीला ही छोटी लेन्स घ्या सर, जवळून वीण दिसंल. केवळ माहिती म्हणून मी लांब लेन्सबद्दल विचारलं. त्यानं दारातूनच स्टँडवर चहा पिणाऱ्या माणसाचा फोटो काढला. मिशीतला चहासुद्धा दिसला. शेवटच्या रांगेतून व्यासपीठ कसं दिसेल, असा एक विचार येऊन गेला. त्याचा घोंगडीशी संबंध नव्हता.
लांब लेन्स घेतली.

१९ सप्टेंबर
कॅमेऱ्यासाठी माझ्या वाट्याच्या दोन मेंढ्या विकल्या. मोहिनी एवढंच म्हणाली, "मेंढरं इकून लोकरीचा फोटो काढनार व्हय?" ध्येयवादाची किंमत असते.

२४ सप्टेंबर
लांब लेन्सला जवळचं दिसत नाही. घोंगडी भिंतीला अडकवून मी मागं मागं सरकत गेलो. अंगण ओलांडलं, रस्ता ओलांडला, समोरच्यांच्या गोठ्यात उभा राहिलो तेव्हा कुठं ती स्पष्ट झाली. वीण मात्र दिसेना. नुसता काळा चौकोन. दादानं स्क्रीन बराच वेळ निरखली.
"आंगद्या, हे तव्याचं बूड हाय बे."
गोठ्यातली माणसं हसली. वहिनी हसली नाही. घोंगडीत अडकलेली कुसळं वेचत बसली. दोष उजेडाचा.

२८ सप्टेंबर
मार्ग सापडला. आपल्याकडं चेहऱ्याशिवाय काही खपत नाही. बारशाच्या फ्लेक्सवर बाळ कोपऱ्यात असतं आणि शुभेच्छुक मोठे. लोक फ्लेक्सवर विश्वास ठेवतात. म्हणून घोंगडी माझ्या खांद्यावर, उजवा हात वर, मागं मोकळं आभाळ. बटण मोहिनीनं दाबलं. खाली नाव आणि 'आपला नम्र' टाकून घेतलं. फोटो पाठवले. वहिनीनं विचारलं, "घोंगडी दिसती ना पर?"
मी म्हणालो, माझ्याआधी तीच दिसते.
आता पुन्हा पाहिलं. खांद्यावर आहे. शोधली की दिसते.

१ ऑक्टोबर
कंपनीचा मेल. फोटोत माणूस नको, मजकूर नको, वीण जवळून हवी. उद्या संध्याकाळपर्यंत नवे फोटो पाठवा. शेवटी एक ओळ: 'विक्रीची वस्तू नेमकी कोणती, तेही कृपया कळवावे.'
मेल कुणाला दाखवला नाही.

२ ऑक्टोबर, दसरा
सकाळपासून उत्तर लिहीत होतो. ग्रामीण स्वाभिमान, काळ्या रंगाचा इतिहास, भांडवलशाही. चार पानं झाली. पाठवलं तेव्हा मुदत टळून गेली होती. फोटो काढायचा राहिला.
सोनं द्यायला आलेल्या बायकांसमोर वहिनीनं विचारलं, काय झालं. मी ओट्यावर चढलो. म्हणालो, त्यांना आपली काळी लोकर नको, त्यांना आपला घाम नको. टाळ्या पडल्या. वहिनीनं पदरानं डोळे पुसले. तिथंच थांबायला हवं होतं. आणखी बराच वेळ बोललो.

२६ ऑक्टोबर
दादानं मुकादमाची आगाऊ उचल घेतली. आज ट्रक गेला. वहिनी भांड्यांच्या पोत्यावर बसली होती. निरोपाचं भाषण पाठ होतं, इंजिन सुरू असल्यानं जमलं नाही. लेन्समधून वळणापर्यंत तिचा चेहरा स्पष्ट दिसत होता. लेन्स खरंच चांगली आहे. फोटो काढला नाही.

९ नोव्हेंबर
कंपनीचा पुन्हा मेल. डिसेंबरात नवा माल घेणार आहेत, घोंगडीचे जवळून फोटो पाठवा. या वेळी तो मोहिनीनं वाचला आणि परस्पर वहिनीला फोन लावला, स्पीकरवर. वहिनी उसाच्या फडातून बोलत होती. माझं ओट्यावरचं भाषण तिनं कोपीवरच्या, म्हणजे तिथल्या झोपड्यांतल्या बायकांना सांगितलंय म्हणे, दोनदा. कंपनीला भावजींनी लई हाणलं. मग म्हणाली, "त्यांला आपली काळी लोकर नगं म्हनं. मग कावून पाठवायची, मोहिने? आपलीच लाज काढून घ्यायला? आमी तर आता मागच मोडनार हाव."

मोहिनीला खरं माहीत होतं. बटण तिनंच दाबलं होतं. तिनं बोलणं आवरतं घेतलं. फोन माझ्यासमोर ठेवला आणि भाकरी थापायला गेली.

या विषयावर एक मुद्देसूद भाषण होऊ शकतं. पहिलं वाक्य सुचलंही आहे.

नको. अंगद, फोन लाव. वहिनीला सांग, लोकर कुणी नाकारली नाही, फोटोत मी होतो. माग मोडायच्या आत सांग. आत्ता लाव.