भरवण्याचे वेळापत्रक

गारखेडा, छत्रपती संभाजीनगर
२६ मार्च

प्रिय आवडाबाई पुंडलिक शेजूळ,

संपूर्ण नाव लिहिले म्हणून हसू नकोस. अडतीस वर्षांच्या संसारात मी तुला एकदाही नावाने हाक मारली नाही. ‘अगं’ आणि ‘ऐकलंस का’ यांवरच भागले. तुझे पूर्ण नाव मी फक्त अर्जांवर लिहीत आलो आणि त्यातला शेवटचा अर्ज जानेवारीतला, मृत्युनोंदणीचा. तुझे नाव माझ्या हातून शेवटचे त्या कागदावर लिहिले गेले असे व्हावे, हे मला मान्य नाही. म्हणून आज पुन्हा लिहितो आहे.

आप्पासाहेबांच्या माडीवरच्या तुझ्या खोलीत बसून लिहितो आहे. आपल्या सोसायटीने पक्षी पाळायला मनाई केली, तेव्हा दोन गल्ल्या ओलांडून तू ही खोली भाड्याने घेतलीस आणि अकरा वर्षे कॉकटेल पोपटांच्या जोड्या वाढवल्यास. तू गेल्यावर आप्पासाहेबांनी तेरावा होईपर्यंत वाट पाहिली आणि फेब्रुवारीअखेरपर्यंत खोली रिकामी करून मागितली. त्यांना ती क्लासच्या मुलांना द्यायची आहे. मागणी रास्त होती. मी मात्र त्यांना लेखी कळवले की शेवटचे पिल्लू स्वतः दाणे फोडून खाऊ लागेपर्यंत, आणि त्यानंतर आठ दिवस, खोली सोडता येणार नाही. त्याआधी पिल्लू कोणाला द्यायचे नाही, हा तुझा नियम आहे आणि तो बदलण्याचा अधिकार मला नाही. अर्ज वाचून ते जिना चढून वर आले. “सर, आता काय पाखरासाठी कोर्टातून स्टे आणता का?” म्हणाले. मी म्हणालो, लागल्यास आणीन. ते पिल्लांच्या खोक्यात डोकावले, काही वेळ तसेच वाकून उभे राहिले आणि खाली गेले. तेव्हापासून रोज संध्याकाळी वर येऊन ते एकच विचारत, “खाल्लं का हो त्यानं?”

तुझ्या नियमावरून आपण किती भांडलो, हे मला आता तारीखवार आठवते. गजानन महाराज मंदिराच्या रस्त्यावरचा पक्षीवाला शिवराज दर हंगामात तुझ्याकडे यायचा. त्याचे म्हणणे सरळ होते: गिऱ्हाइकाला स्वतः खाणारे पिल्लू नको असते, पाच आठवड्यांचे, चोच वासून बसलेले हवे असते, हाताने भरवले की ते मालकाला जन्मभर ओळखते. सोबत सिरिंज आणि पावडरीचा डबा दिला की झाले. तू भिंतीला टेकून ऐकायचीस आणि म्हणायचीस, “भुकेपोटी आलं ते येणं नव्हं. पोट भरलेलं असून हातावर येतंय का ते बघा.” शिवराज हसायचा. आणि मी, सांगायला हवे, शिवराजच्या बाजूने बोलायचो. माझे मत असे होते की कोणतीही कृती नीट, क्रमवार, नि:संदिग्ध लिहून दिली तर ती कोणालाही करता येते. एकोणीस वर्षे महाविद्यालयाचे वेळापत्रक मी तयार केले. त्यात एकाही प्राध्यापकाचे दोन वर्ग एका तासाला आले नाहीत. पिल्लाला भरवणे त्याहून अवघड कसे असेल?

दोन वर्षांपूर्वी मी तो कागद तयार केला, तुला आठवत असेल. चौदा मुद्दे. पावडर किती, पाणी किती, किती अंश उष्ण, पाचव्या आठवड्यात किती वेळा: सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, सायंकाळी सहा, रात्री दहा. तू तो शेवटपर्यंत वाचलास, ‘अक्षर लई सुरेख आहे’ म्हणालीस आणि घडी घालून राळ्याच्या डुगडुगणाऱ्या डब्याखाली सारलास. मी दोन दिवस बोललो नाही. तिसऱ्या दिवशी तू माझे बोट धरून एका पिल्लाच्या गळ्याखालच्या पिशवीवर ठेवलेस. “पिल्लाला घड्याळ कुठं असतंय? ही रिकामी झाली का नाही ते बोटाला कळतंय. तुम्हालाच अजून दाणा फोडता येत नाही, तुम्ही काय लोकांना शिकवता.” जेवणाच्या ताटावर बसून कोणी वाढण्याची वाट पाहणाऱ्या माणसाला हे बोलण्याचा तुला पूर्ण अधिकार होता. मी ते मान्य केले नाही, एवढेच.

आता बातम्या. तू गेलीस त्या दिवशी शेवटच्या विणीतली चारही पिल्ले सतरा दिवसांची होती. मादीने टाकली म्हणून तू ती पुठ्ठ्याच्या खोक्यात, बल्बच्या उबेत घेतली होतीस. स्मशानातून परतल्यावर मी आंघोळ केली आणि आधी इथे आलो. चारही चोची उघड्या होत्या. त्यांना सुतक नव्हते. मी पावडर कालवली, मनगटाच्या आतल्या बाजूला एक थेंब टाकून पाहिला आणि भरवले. मोठ्या जोड्या तुझा भाऊ कडुबा सोयगावला घेऊन गेला. फेब्रुवारीअखेर दोन पिल्ले बाजरीचे कणीस कुरतडू लागली, तीही नियमाचे आठ दिवस झाल्यावर त्याच्याकडेच गेली. तिसरे अशक्त होते. अशक्त आणि हट्टी. दाणा समोर ठेवला की माझ्याकडे पाहून ओरडायचे. सायली पुण्याहून रोज फोन करते. बाबा, पक्षीच आहे तो, कुणाला तरी देऊन टाका आणि इकडे या, असे तिचे म्हणणे. तिने मला फोनवर माझे तिथले वेळापत्रकही पाठवले आहे: आठला नाश्ता, साडेआठला गोळ्या, एकला जेवण. मुलगी माझीच आहे. मी तिला कळवले की मी येणार नाही. भूक लागेल तेव्हा वरणभात लावता येतो आणि तो आता करपत नाही.

शिवराजही येऊन गेला. ते अशक्त पिल्लू आजच्या आज नेतो म्हणाला, गिऱ्हाईक तयार आहे. मी नाही म्हटले. तेव्हा तो सहज बोलून गेला, “सर, तुमचा कागद लई कामाला येतोय. प्रत्येक पिल्लासंगं देतो. कॉलेजच्या सरांनी लिवलेला म्हटलं की लोकं घाबरत नाहीत.” माझ्याकडून एक प्रत तुझ्या दहाव्यानंतर त्याने मागून नेली होती; त्याच्या त्याने शंभर झेरॉक्स काढल्या होत्या. त्याच दिवशी मी त्याच्या दुकानात गेलो आणि उरलेला गठ्ठा परत मागितला. दुकानात तीन गिऱ्हाइके होती. मी त्यांच्यासमोर शक्य तितक्या स्पष्ट शब्दांत सांगितले की ज्याने हे काम पाहिलेले नाही त्याने अजून भरवावे लागते असे पिल्लू घरी नेऊ नये. जे स्वतः खाते तेच न्यावे. ते माणसाळते, फक्त थोडा वेळ घेते. आणि हा कागद ज्याने लिहिला त्याला भरवण्यातले काहीही कळत नव्हते. एका बाईने विचारले, कोणी लिहिलाय? मी म्हणालो, मी. शिवराजने गठ्ठा दिला. कागद नेला म्हणून गिऱ्हाईक थांबत नाही सर, असेही ऐकवले. न थांबो. माझ्या अक्षराच्या आधाराने तरी ते जाणार नाही. त्यानंतर प्रत्येक रविवारी मी त्या दुकानासमोर तासभर उभा राहतो. शिवराजला ते आवडत नाही. मला कोणी आवडून घ्यावे म्हणून मी उभा नसतो.

चौथ्या पिल्लाचे मी अजून लिहिले नाही, हे तुझ्या लक्षात आले असेल. ते सिल्लोडला गेले. तिथल्या सगीराबींची नात गजाला तुझ्याकडे उन्हाळ्यात यायची, आणि या विणीतले एक पिल्लू तू तिला कबूल केले होतेस. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात आजी आणि नात आल्या. पिल्लू पाच आठवड्यांचे होते. ‘महिनाभराने या’ एवढेच म्हणायचे होते. पण खोली सोडायची मुदत डोक्यावर होती, मी थकलो होतो, आणि खरे सांगायचे तर तू नसताना एकदा तरी माझे म्हणणे सिद्ध होईल असे कुठेतरी वाटले. मी पिल्लू दिले, सिरिंज दिली आणि कागद दिला. पाचव्या दिवशी सगीराबी एकट्याच परत आल्या. त्यांनी धुतलेली सिरिंज आणि घडी केलेला कागद माझ्यापुढे ठेवला. वेळेच्या प्रत्येक आकड्यापुढे गजालाने पेन्सिलीने बरोबरची खूण केली होती. “सर, एक भी टैम चुकवला नाय आम्ही,” त्या म्हणाल्या. “गळा फुगलेलाच दिसायचा त्याचा, तरी घातलं. कागद पे था ना.”

आधीचे न पचलेले अन्न पिशवीत आंबत होते आणि त्यावर, माझ्या आज्ञेवरून, ती मुलगी, पिल्लू मरेपर्यंत, चार-चार तासांनी आणखी घालत होती. इथे मी स्वतः काय करत होतो? बोट लावून पाहत होतो. पिशवी भरलेली असली की थांबत होतो. तू शिकवलेले हात करत होते आणि ते कागदात उतरवण्याचे मला सुचलेही नव्हते. एवढे सगळे त्या क्षणी मला कळले. आणि मी त्यांना म्हणालो, “कधी कधी असे होते.” सगीराबी माझीच समजूत घालून गेल्या, बाई गेल्या तुमच्या, त्यात हा त्रास आम्ही दिला, म्हणाल्या. हे वाक्य घेऊन मी सात आठवडे या खोलीत बसलो. अशक्त पिल्लाला मी का सोडत नव्हतो, हे आता तुला वेगळे सांगायला नको. आज दोघी आल्या, मीच बोलावल्या होत्या. गजाला दारातच थांबली, खोक्याजवळ येईना. मी तिला नीट समोर उभे राहून सांगितले की चूक तुझी नव्हती, तू दिलेले काम अचूक केलेस, चूक कागदाची होती. सगीराबींनी विचारले, “और कागद किसका था, सर?” माझा, म्हणालो. मग नातीला म्हणाल्या, “जा, देख ले. इस बार कागद नको घेऊ.” पिल्लू कणसावर होते, पोट भरलेले होते. मुलीने हात पुढे केला. त्याने आधी एक दाणा फोडला, टरफल टाकले, आणि मग हातावर चढले. तू म्हणायचीस तसेच. ती त्याला घेऊन सिल्लोडला गेली.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. त्या पिल्लाने पहिला दाणा चौदा मार्चला फोडला. नियमाचे आठ दिवस बावीसला संपले. आज सव्वीस आहे. मधले चार दिवस आप्पासाहेब वर येऊन विचारत होते, “खाल्लं का?” आणि मी सांगत होतो, अजून नाही. आयुष्यात मी जाणूनबुजून खोटे बोललो ते हेच, आणि त्याचा जाब मी कोणालाही देणार नाही, त्यांना नाही आणि सायलीला तर मुळीच नाही. या खोलीत तुझा हात सगळीकडे आहे. डबा अजून त्या घडीच्या आधाराने सरळ उभा आहे. पिल्लू कधीच खाऊ लागले होते, आवडा. खाता येत नव्हते ते मला. तुला एकदा नावाने हाक मारल्याशिवाय हे दार ओढून घेणे मला जमत नव्हते, म्हणून हे पत्र. ती हाक आता मारून झाली.

तुझाच,
पुंडलिक

ता. क. डबा घरी आणला; कागद काढल्यामुळे तो पुन्हा डुगडुगतो, तसाच ठेवला आहे. सायंकाळी सहा वाजता खोलीच्या दाराला कुलूप लावले. तुझी लाल दोऱ्याची आणि माझी, अशा दोन्ही किल्ल्या आप्पासाहेबांना परत केल्या. त्यांनी विचारण्याआधीच मी सांगितले की खाल्ले.