थकलेला उजवा कान

ती. आई,
इथूनच तुझ्या पाया पडतो.

मी बरा आहे, जेवण वेळेवर होतं. कारखान्यातले सगळे पंप आता माझ्या हाताखाली दिलेत. बाबांना सांग, म्हणजे ते गावभर सांगत सुटतील.

घरचा मिक्सर मी आवाजावरून दुरुस्त करायचो ना? त्याच विद्येवर इथे पोट भरतंय. स्क्रूड्रायव्हरचं टोक चालत्या पंपाला टेकवायचं आणि मूठ कानाला लावायची, की आतलं दुखणं ऐकू येतं. सगळे मला ‘डॉक्टर’ म्हणतात.

हल्ली मूठ डाव्या कानाला लावतो. उजवा थकलाय. यंत्रांच्या गोंगाटात जन्म काढल्यावर दुसरं काय होणार? काळजी करू नकोस, एक शाबूत आहे. काल मात्र मी ठणठणीत म्हटलेला पंप दुपारी बंद पडला.

तुझा गुडघा कसा आहे? रविवारी फोनवर तू बरंच सांगत होतीस आणि मी नुसतं ‘हो, हो’ करत होतो. अर्धं कळलंच नाही गं. फोनवर ओरडू नकोस, घसा बसेल. त्यापेक्षा चार ओळी लिहीत जा. तुझं अक्षर वाचताना तू मला दोन्ही कानांनी ऐकू येतेस.

तुझा,
थोरला